नीती आधी, की धर्म आधी?

जॉर्जिया देशात द्मानिसी नावाचे एक गाव आहे. तिथल्या उत्खननात मानवाच्या प्राचीन पूर्वजांच्या पाच कवट्या मिळाल्या. त्यांचे वय सुमारे १७ लाख ७० हजार वर्षे. त्यांतली एक कवटी उतारवयाच्या व्यक्तीची आहे आणि तिच्या जबड्यात एखादा अपवाद सोडला तर दातच नाहीत. दात मृत्यूनंतर पडले असते तर त्यांच्या खोबणी उघड्या राहिल्या असत्या. इथे त्या हाडाने भरून आल्या आहेत, आणि असे भरून यायला काही वर्षे लागतात. म्हणजे ही व्यक्ती दातांवाचून काही वर्षे जगली. मज्जा, मेंदू असे मऊ अन्न तिने स्वतःच मिळवले असेल, असे मानणारे संशोधक आहेत. पण टोळीतले कोणीतरी तिच्यासाठी अन्न ठेचून देत होते, तिला मागे टाकून जात नव्हते, हा अर्थही तितकाच संभवतो.

इराकी कुर्दिस्तानातल्या शानिदर गुहेतला पुरावा याहून बोलका आहे. १९५७ साली राल्फ सोलेकी यांना तिथे एका निअँडरथल पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याचा उजवा हात वाळून गेलेला आणि कोपराजवळ तुटलेला होता. डोळ्याजवळच्या मारामुळे त्या डोळ्याची दृष्टी गेली असावी आणि पायही अधू होता. पुढच्या तपासणीत त्याला ऐकूही नीट येत नसावे असे दिसले. हिमयुगातल्या जगात असा माणूस एकट्याने आठवडाभर तगला नसता. तो चाळिशीपर्यंत जगला. जखमा भरून येईपर्यंत आणि त्यानंतरही कित्येक वर्षे कोणी ना कोणी त्याच्या वाट्याचे काम करत होते.

माणसाची नीती धर्मातून आली की उत्क्रांतीतून, हा प्रश्न या दोन माणसांसमोर उभा करून पाहावा असे मला वाटते. एरवी आपले मन आधीच कौल देऊन बसलेले असते. २०१७ साली १३ देशांतल्या लोकांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतही होता. एका क्रूर कृत्याचे वर्णन वाचल्यावर हे करणारा माणूस देव न मानणारा असावा, असे लोकांना आपसूक वाटले. विशेष म्हणजे, स्वतः देव न मानणाऱ्यांनाही तसेच वाटले. देवाचा धाक सुटला की माणूस सुटतो, ही समजूत इतकी खोल रुजलेली आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. नीतीचे मूळ धर्माहून फार जुने आहे, आणि याबद्दल आता फारशी शंका उरलेली नाही. पण त्या मुळात एक मोठे वैगुण्य आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय धर्मांनी काय केले हेही कळत नाही.

१९६४ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ज्यूल्स मासरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लालतोंड्या माकडांवर एक प्रयोग केला. तो इतका निष्ठुर होता की आजच्या नियमांत बसणार नाही. माकडाने साखळी ओढली की त्याला खाणे मिळे. साखळ्या दोन होत्या, आणि त्यांतली एक ओढली की काचेपलीकडच्या दुसऱ्या माकडाला विजेचा झटका बसे. हे लक्षात आल्यावर बहुतेक माकडांनी ती साखळी सोडून दिली. एकाने पाच दिवस आणि दुसऱ्याने बारा दिवस कुठल्याच साखळीला हात लावला नाही. समोर खाणे असताना ती उपाशी राहिली. ज्यांनी तो झटका स्वतः कधी सोसला होता आणि ज्यांची पलीकडच्या माकडाशी ओळख होती, ती अधिक मागे सरली. ओळखीची ही बाब ध्यानात ठेवावी, पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे.

कोस्टारिकात रक्त पिणारी वटवाघळे आहेत. गुराढोरांचे रक्त हेच त्यांचे अन्न, आणि सलग दोन-तीन रात्री ते मिळाले नाही तर वटवाघूळ मरते. गेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ साली दाखवले की पोट भरून परतलेले वटवाघूळ उपाशी सोबत्याला आपल्या पोटातले रक्त ओकून पाजते. नात्यातल्यांना पाजते हे समजू शकते. पण ते बिनानात्याच्या सोबत्यालाही पाजते. पुढच्या अभ्यासांत तर असे दिसले की कोण कोणाला पाजेल हे नात्यापेक्षा आधी कोणी कोणाला पाजले होते यावरून अधिक नेमके सांगता येते.

या क्षेत्रातल्या सगळ्याच निष्कर्षांवर सारखा विश्वास टाकू नये. दोन कॅपुचिन माकडांनी एकच काम केले, एकीला काकडी मिळाली, दुसरीला द्राक्ष, आणि काकडीवालीने ती घ्यायलाच नकार दिला, हा सारा ब्रॉसनन आणि फ्रान्स डी वाल यांचा २००३ सालचा प्रयोग जगभर गाजला. मात्र नंतरच्या काही प्रयोगांत तसा परिणाम दिसला नाही. सहा महिन्यांची बाळेसुद्धा मदत करणारी बाहुली निवडतात, हा २००७ सालचा निष्कर्षही लोकप्रिय झाला. पण अलीकडे अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून तो मोठ्या प्रमाणावर करून पाहिला, तेव्हा बाळांचा कल कोणत्याच बाजूला दिसला नाही. दीड वर्षाच्या मुलांचा पुरावा मात्र भक्कम आहे. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली दाखवले की अनोळखी माणसाच्या हातून वस्तू पडली, किंवा हात भरलेले असल्याने त्याला कपाटाचे दार उघडता येईना, तर त्या वयाची बहुतेक मुले आपण होऊन मदतीला जातात. त्यांना कोणी सांगितलेले नसते आणि बक्षीसही ठेवलेले नसते. पाप-पुण्याच्या गोष्टी ऐकण्याचे त्यांचे वयही नसते.

मग उत्क्रांतीच्या हिशेबात हे बसते कसे? खुद्द डार्विनला हा प्रश्न छळत होता. १८७१ सालच्या ग्रंथात त्याने लिहिले की ज्या प्राण्याला कळपाची ओढ आहे, त्याची बुद्धी माणसाइतकी वाढली तर त्याला सदसद्विवेक येणारच. पण जो शूर दुसऱ्यांसाठी जीव देतो, त्याची संतती कमी उरते, मग शौर्य पुढच्या पिढीत उतरते कसे, हेही त्याला दिसत होते. उत्तराची सुरुवातीची चाहूल जे. बी. एस. हाल्डेन यांना लागली. दोन सख्खे भाऊ किंवा आठ चुलत भाऊ वाचणार असतील तर मी नदीत उडी घेईन, असे ते म्हणाल्याची आख्यायिका आहे. सख्ख्या भावात आपली निम्मी जनुके असतात, चुलत भावात आठवा हिस्सा, हा त्यामागचा हिशेब. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्याच वर्षी विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रज संशोधकाने तो हिशेब पूर्ण गणितात मांडला.

आणि इथे या साऱ्या इतिहासातला सर्वांत विलक्षण माणूस येतो. जॉर्ज प्राइस यांचा जन्म १९२२ सालचा, अमेरिकेतला. शिक्षण रसायनशास्त्राचे. अणुबाँबच्या प्रकल्पावर त्यांनी काम केले, पुढे मोठमोठ्या कंपन्यांत संशोधन केले. ते कट्टर नास्तिक होते आणि १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी अतींद्रिय शक्तीच्या दाव्यांवर जोरदार हल्ला चढवला होता. थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर, १९६७ साली, घरदार मागे ठेवून ते लंडनला आले. तिथे ग्रंथालयात त्यांनी हॅमिल्टनचा शोधनिबंध वाचला आणि ते अस्वस्थ झाले. परोपकार म्हणजे शेवटी जनुकांचा स्वार्थ, एवढेच का? ते चुकीचे ठरवावे म्हणून त्यांनी स्वतः गणित मांडायला घेतले. जीवशास्त्राचे शिक्षण नाही, कोणाची ओळख नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते सरळ आत गेले आणि आपले समीकरण दाखवले. तिथल्या प्राध्यापकाने त्यांना त्याच भेटीत काम करायला जागा देऊ केली. एखादा गुण आणि तो असणाऱ्यांना होणारी संतती यांचा संबंध सांगणारे हे समीकरण १९७० साली ‘नेचर’मध्ये छापून आले. कुठल्याही गुणाला आणि कुठल्याही पातळीवर, व्यक्तीला तसेच गटाला, ते लागू पडते. आजही ते प्राइस समीकरण म्हणूनच शिकवले जाते.

समीकरणाने त्यांना दिलासा दिला नाही, उलटच झाले. परोपकार उत्क्रांत होऊ शकतो, तसा द्वेषही उत्क्रांत होऊ शकतो. परक्याचे वाईट व्हावे म्हणून स्वतः झळ सोसण्याची वृत्तीसुद्धा त्याच गणितातून निघते. आणि गटांगटांची स्पर्धा तीव्र असेल, तर गटात राहून गटासाठी त्याग करण्याची वृत्ती वाढीला लागते. गटाबाहेरच्यांसाठी त्या गणितात फारसे काही नव्हते.

१९७० सालच्या जूनमध्ये हा नास्तिक माणूस ख्रिस्ती झाला. कारण त्याच्या स्वभावाला धरूनच होते: आयुष्यातल्या योगायोगांची संभाव्यता त्याने मोजली आणि ती इतकी कमी आली की यामागे कोणीतरी आहे असे त्याला वाटले. पुढे त्याने धर्माची आज्ञा अक्षरशः पाळली. लंडनच्या रस्त्यांवरचे बेघर, दारूच्या आहारी गेलेले लोक यांना तो घरी आणू लागला. पैसे दिले, कपडे दिले, अखेर राहते घरही गेले. याच काळात, १९७३ साली, जॉन मेनार्ड स्मिथ यांच्याबरोबर त्याने प्राण्यांच्या झुंजींवरचा आणखी एक पायाभूत शोधनिबंध लिहिला. १९७५ सालच्या जानेवारीत, वयाच्या ५२ व्या वर्षी, निराशेच्या आजारात त्याने आपले जीवन संपवले. अंत्यविधीला हॅमिल्टन आणि मेनार्ड स्मिथ हे दोन थोर जीवशास्त्रज्ञ होते, आणि काही बेघर माणसे होती.

प्राइसच्या आजाराला त्याच्या तत्त्वज्ञानाचा पुरावा करणे अन्यायाचे होईल. पण त्याने ज्याच्यासाठी सर्वस्व दिले तो माणूस कोण होता, हे पाहावे. तो रक्ताचा नव्हता. परतफेड करू शकणारा नव्हता. गटातलाही नव्हता. समीकरणाच्या पलीकडचा होता.

उत्क्रांतीने दिलेल्या नीतीचे वैगुण्य इथेच आहे. ती आपल्यांसाठी आहे. ‘आपले’ संपले की ती थांबते, कधी उलटतेही. धारवाडजवळच्या जंगलात १९६०च्या दशकात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाला दिसले की टोळीत घुसलेला नवा नर आधीच्या नराची पिल्ले मारून टाकतो. ही आपलीच, हनुमानाचे रूप मानली जाणारी काळतोंडी वानरे. पुढे सारा ब्लॅफर हर्डी यांनी अबूच्या पहाडावर वर्षानुवर्षे निरीक्षण करून यात विकृती नसून नराचा पुनरुत्पादनाचा लाभ आहे असे मांडले. टांझानियात गोंबे इथे जेन गुडाल यांनी ज्या चिंपांझींचे प्रेमळपण जगाला दाखवले, त्यांच्यातल्याच एका गटाने १९७४ ते १९७८ या काळात, पूर्वी एकत्र राहिलेल्या दुसऱ्या गटातले नर एकेक करून मारले. त्यामुळे ‘निसर्गात आहे म्हणून योग्य’ हा युक्तिवाद कोणी करू लागला तर तो तिथेच थांबवावा. उत्क्रांती नीतीचा उगम सांगते, पण तिचा निवाडा करण्याचा अधिकार उत्क्रांतीकडे नाही.

तरी ही सीमा दगडावर कोरलेली नाही, आणि हे सर्वांत चांगले मला उंदरांच्या एका प्रयोगातून कळले. २०११ साली शिकागो विद्यापीठात इनबाल बेन-अमी बार्टाल आणि सहकाऱ्यांना दिसले की नळीत अडकलेल्या सोबत्याला पांढरा उंदीर दार उघडून सोडवतो, आणि शेजारीच चॉकलेट ठेवले तर बहुधा त्यालाही वाटा देतो. २०१४ साली त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. अडकलेला उंदीर दुसऱ्या, काळ्या ठिपक्यांच्या जातीचा असेल तर? पांढऱ्या उंदराने त्याला सोडवले नाही. मग त्यांनी पांढऱ्याला एका ठिपक्यांच्या उंदराबरोबर दोन आठवडे ठेवले. त्यानंतर तो त्या जातीच्या अनोळखी उंदरांनाही सोडवू लागला. आणि जन्मापासून दुसऱ्या जातीत वाढवलेला पांढरा उंदीर त्या जातीच्या परक्यांना सोडवत होता, स्वतःच्या जातीच्यांना नाही. आपल्या रक्ताचा रंग त्याला माहीत नव्हता. ज्यांच्यात वाढला ते आपले, एवढेच त्याला ठाऊक होते.

धर्माचे काम याच सीमेवर झाले. हजारो अनोळखी माणसे एकत्र राहू लागली, तेव्हा ओळखीवर चालणारी नीती पुरेना. सगळे पाहणारा आणि शिक्षा करणारा देव ही त्यावरची एक फार प्रभावी कल्पना होती. २०१६ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात टांझानियाच्या हाड्झा शिकाऱ्यांपासून सैबेरियातल्या तुवा लोकांपर्यंत आठ समाजांत लोकांना एकांतात नाणी वाटायला दिली होती. आपला देव सर्व जाणतो आणि शासन करतो असे जे मानत होते, त्यांनी दूरगावच्या अनोळखी माणसालाही अधिक न्याय्य वाटा दिला. पण तो अनोळखी माणूस त्यांच्याच धर्माचा होता. मोठा समाज आधी घडला की नीतिमान देव आधी, हा वाद अजून मिटलेला नाही. ‘समाज आधी’ म्हणणारा २०१९ सालचा गाजलेला शोधनिबंध आकडेवारीतल्या त्रुटींमुळे २०२१ साली मागे घ्यावा लागला.

धर्म माणसांना बांधतो, यात मात्र शंका नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उभ्या राहिलेल्या २०० आश्रमवजा वसाहतींचा रिचर्ड सोसिस यांनी अभ्यास केला. धार्मिक वसाहती निधर्मी वसाहतींपेक्षा कितीतरी जास्त वर्षे टिकल्या, आणि त्या धार्मिक वसाहतींतही ज्यांचे नियम कडक त्या अधिक टिकल्या. व्यक्तीच्या रोजच्या वागण्यात मात्र असा फरक दिसत नाही. २०१४ साली ‘सायन्स’मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या हजारावर माणसांच्या दैनंदिन बऱ्यावाईट कृत्यांची नोंद आली. धार्मिक आणि धर्म न मानणारे यांच्या चांगल्या-वाईट कृत्यांच्या प्रमाणात अंतर नव्हते.

महाराष्ट्राने धर्माचे हे दोन्ही चेहरे एकाच गावात पाहिले आहेत. पंढरीच्या वाटेवर अनोळखी माणूस माउली होतो. चालताना जात विचारू नये ही वारकऱ्यांची शिकवण सीमा रुंदावण्याचा एक थोर प्रयत्न आहे, असे मी मनापासून मानतो. पण त्याच पंढरपुरात चोखोबांना देवळाच्या पायरीपाशी थांबावे लागले, आणि विठ्ठलाचे दार दलितांना उघडावे म्हणून १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. दार बंद ठेवणारे धर्माचे नाव घेत होते. उघडायला निघालेले गुरुजीही देव मानणारेच होते.

या गुंत्यातून सर्वांत स्वच्छ विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला, असे मला वाटते. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ते सांगतात की धम्मात देवाची जागा नीतीने घेतली आहे. माणसाने माणसावर प्रेम करावे या गरजेतून ती येते, तिला ईश्वराच्या मंजुरीची गरज नाही. ते इथेच थांबत नाहीत. व्यापाऱ्यांत आपसात नीती असते, एका जातीच्या लोकांत असते, दरोडेखोरांच्या टोळीतही असते, पण ती गटाचे हित जपणारी नीती आहे आणि म्हणूनच समाजाला घातक आहे, असे ते बजावतात. जीवनकलहाचा उल्लेख करून ते म्हणतात की जो तगतो तो सर्वोत्तम असेलच असे नाही. दुर्बळालाही संरक्षण मिळाले पाहिजे, म्हणून नीती पवित्र आणि सार्वत्रिक हवी. हॅमिल्टनचे गणित तेव्हा मांडलेही गेले नव्हते. प्राइसला ज्या उत्तराने हादरवले, त्यातला धोका बाबासाहेबांनी समीकरणाविना ओळखला होता. कारण टोळीची नीती म्हणजे काय हे त्यांना गावकुसाबाहेरून दिसत होते.

माणूस उंदीर नाही, पण सीमा सरकते ती बरोबर राहिल्याने, हे माणसांतही दिसले आहे. दिल्लीत सरकारी धोरणामुळे श्रीमंतांच्या खासगी शाळांत गरीब मुलांना जागा मिळाल्या. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने त्या वर्गांचा अभ्यास करून २०१९ साली निष्कर्ष मांडले. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली, गरिबांशी भेदभाव कमी करू लागली, त्यांच्याबरोबर खेळायला अधिक राजी झाली. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित मुलांसाठी राखल्या आहेत. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी विनाअनुदानित शाळांना त्यातून सूट दिली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. आपल्या मुलाच्या शाळेत या जागा खरोखर भरल्या जातात का, आणि ती मुले त्याच वर्गात, त्याच बाकावर बसतात का, हे प्रत्येक पालकाने शाळेत जाऊन विचारावे.